लोणारचं गुलाबी पाणी

सन २०२०चा जून महिना. लॉकडाऊनचे दिवस. मेडशीहून मालेगावला जायचं म्हटलं तरी माणूस दहा वेळा विचार करे. मृग लागला होता, रान वखरून तयार होतं, सोयाबीनच्या बॅगा घरात येऊन पडल्या होत्या. तेवढ्यात नातवानं मोबाइल पुढे केला, "आबाजी, हे पाहा, लोणारचं पाणी गुलाबी झालं."

माझा विश्वास बसेना. लोणार बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे आमच्या शेजारीच. कोण्या काळी आकाशातून उल्का येऊन काळ्या खडकावर आदळली, पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा पडला आणि त्यात खारं पाणी साचलं, हे शाळेत शिकलेलो. पण ते पाणी हिरवट. गुलाबी कधी ऐकलं नव्हतं.

माय ऐंशीच्या घरातली. तिनं फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला. विष्णूनं लोणासुराला तिथं मारलं, ही गोष्ट तिच्याच तोंडून आम्ही ऐकलेली. म्हणे, "लोणासुराचं रगत वर आलं रे बावा. साल खराब हाये. यंदा पेरू नोको."

मी म्हटलं, "माय, तुले माहा रुमाल आठवते का?"

दहावीत असताना आमची सहल लोणारला गेली होती. डब्यातलं बेसन खाऊन मी पिवळे हात रुमालाला पुसले आणि रुमाल तळ्यात धुतला. डाग लालभडक झाले! मी घाबरलो. गुरुजी हसले. म्हणाले, हे पाणी साबणासारखं क्षारी आहे, अशा पाण्यात हळद लाल होते. घरी येऊन मोठ्या तोऱ्यात मायला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यात काय? हळदीच्या लुगड्याले साबण लावला का तेही लाल होते."

"तसंच हेही असंन काही," मी म्हटलं. ती काही बोलली नाही. मी पेरलं.

आठ दिवस झाले, रान उघडंच. चार हातावर एखादा कोंब. उकरून पाहिलं तर दाणे कुजलेले. माय बांधावर बसून एवढंच म्हणाली, "सांगतलं व्हतं." दोन बकऱ्या विकून दुबार पेरणी केली. खोटं कशाला सांगू, तेव्हा माझ्याही मनात ते रगत येऊन गेलं.

पण धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याचं सोयाबीन दाट उगवलं होतं. पाऊस तोच, आभाळ तेच, लोणारही तेच. त्याचं बी घरचं होतं, पेरण्याआधी उगवून पाहिलेलं. आदल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात सोयाबीन भिजलं होतं. त्यातलं बरंच बी खराब निघालं, त्या साली अनेक गावांत हीच रड होती. त्यात या दाण्याची साल पातळ, बॅग आपटली तरी आतला कोंब दुखावतो. दुसऱ्याला कारण शोधायला सांगणाऱ्या मी स्वतः मात्र बॅग फोडून शंभर दाणे तपासले नव्हते.

पुढं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं लोणारचं पाणी तपासलं. उन्हानं पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठातच वाढणारे, डोळ्याला न दिसणारे जीव बेसुमार झाले. गुलाबी रंग त्यांच्या अंगचा. पाणी भांड्यात स्थिर ठेवलं तर ते तळाशी बसले आणि वर पाणी नितळ राहिलं. म्हणजे पाणी गुलाबी झालंच नव्हतं! मला तर हे लोणासुराच्या रगतापेक्षाही नवलाचं वाटलं.

तेव्हापासून दरसाल मे महिन्यात ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या दहा ओळी दाणे मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो, पाणी शिंपडत राहतो. सत्तर किंवा जास्त उगवले तरच ते बी पेरायचं. सहाव्या-सातव्या दिवशी गुंडाळी उघडायची ती मायनं. पहिल्या वर्षी तिनं चष्मा लावून दोनदा मोजले. एकोणऐंशी निघाले.

"पेर आता," ती म्हणाली.