वेगळा कप

माझ्या पत्नीचा कोरडा खोकला महिनोन्‌महिने थांबेना. जिना चढताना दम लागे. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी गाठी दिसल्या. बेडक्यात जंतू नव्हते, तरी एका डॉक्टरांनी टी.बी.ची औषधे दिली. ६ महिने घेतली, फरक शून्य.

त्या काळात तिचा कप आणि ताट वेगळे काढले, ते मीच. दरवर्षी २० मार्चला महाडच्या पाण्यावर भाषण करणारा मी! टी.बी. हवेतून पसरतो, कपाने नाही, हेसुद्धा विचारून घेतले नाही.

पुढे मोठ्या रुग्णालयात दुर्बीण घालून फुप्फुसाचा तुकडा तपासला. निदान निघाले सारकॉइडोसिस. यात शरीराची प्रतिकारशक्तीच गाठी तयार करते. त्या टी.बी.सारख्या दिसतात, म्हणून गफलत होते. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. प्रेडनिसोलोन सुरू झाले. तोंड सुजले, साखर वाढली, पण खोकला थांबला. गोळ्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, असे डॉक्टरांनी बजावले होते. डोस हळूहळू उतरवीत वर्ष गेले.

तो कप मी इतर कपांत मिसळून ठेवला. ती मात्र अजून नेमका तोच काढून चहा घेते. मी खाली बघतो.