केळे मास्तर

मुळाक्षरे शिकवताना 'ङ' आला की मी घाईने पुढे सरकतो. गणपतीचा 'ग' झाला, घराचा 'घ' झाला. 'ङ'च्या चौकटीत मात्र चित्रच नसते. "गुरुजी, ङ पासून कोणता शब्द?" असे एका पोराने विचारले होते. "ङ पासून काही नसते, बस खाली," असे मी त्याला सांगितले. त्या पोराचे उत्तर मला गेल्या मे महिन्यात सापडले, तेही भर प्रशांत महासागरात. सामोआ बेटांवरच्या भाषेत 'भाषा' याच शब्दाला 'ङाङाना' म्हणतात! रोमन लिपीत ते लोक हा 'ङ' नुसत्या 'जी'ने लिहितात, आणि शब्दाच्या आरंभी तो खुशाल बसवतात.

माझ्यासारखा मास्तर तिकडे कशाला कडमडला, असे तुम्ही विचाराल. त्याचे असे झाले. माझी धाकटी बहीण न्यूझीलंडात ऑकलंडला असते. तिचे बाळंतपण झाले तेव्हा आमची आई आजारी होती. जाणे जमले नाही. शेजारी एक सामोअन आजी राहात होती. त्या बाईने न बोलावता येऊन चाळीस दिवस बहिणीला गरम गरम खाऊ घातले, बाळाला मांडीवर घेतले. पुढे आमची आई गेली. ती शेजारीणही गेल्या वर्षी म्हातारपणी आपल्या गावी, सवाई बेटावर परत गेली. मी सुटीत बहिणीकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, "दादा, आईच्या वतीने एकदा त्यांना भेटून ये. विमानाने चार तास, की पोहोचलास."

भेटून यायचे, पण बोलायचे काय? आजीला इंग्रजी बेताचे, आणि माझे त्याहून बेताचे. मग मी चाळीस पानी वही घेतली आणि पाच वर्षांच्या भाचीसमोर मांडी घातली. तिचे निम्मे बालपण त्या आजीच्या मांडीवर गेलेले. 'तालोफा' म्हणजे नमस्कार. 'फा-आमोलेमोले' म्हणजे कृपा करून. 'फा-आफेताय' म्हणजे आभारी आहे. 'अलोफा' म्हणजे माया. हवाईत तीच 'अलोहा' होते आणि माओरीत 'अरोहा'. एकापासून पाचापर्यंत आकडे : तासी, लुआ, तोलु, फा, लिमा. 'लिमा' म्हणजे पाच आणि 'लिमा' म्हणजेच हात. आपल्या पंजाची आठवण होऊन मला उगीचच घरच्यासारखे वाटले.

अडचण होती ती श्वासाची. या भाषेत दोन स्वरांच्या मध्ये घशात क्षणभर श्वास अडवायचा असतो. त्या अडवण्यालाही अक्षराचा मान आहे. तो चुकला की अर्थ बदलतो. स्वरांची लांबीही तशीच. 'तामा'चा शेवटचा स्वर आखूड ठेवला तर मुलगा, लांबवला तर बाप! ऱ्हस्वदीर्घासाठी मी आजवर किती मुलांचे गुण कापले असतील! आता भाची मला म्हणत होती, "मामा, तुझं घशात अडकतच नाही. पुन्हा म्हण."

उपोलू बेटावर विमान उतरले. तिथून सवाईला जायला बोट, तास-सव्वातासाचा प्रवास. आजीचे घर म्हणजे 'फाले' : खांब, वर छप्पर, आणि भिंती मुळीच नाहीत. चटईवर वडीलधारी मंडळी बसली होती. बसलेल्या माणसांच्या पुढून जाताना तिथे कमरेत वाकून 'तुलोऊ' म्हणायचे असते, हे मला पढवलेले होते. मी वाकलो, म्हटले. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. माझी छाती फुगली. त्या भरात, "मी शिक्षक आहे" हे वाक्यही मी म्हणून टाकले.

शिक्षकाला त्यांच्याकडे 'फायआ-ओङा' म्हणतात. मी ऐनवेळी श्वास भलत्याच ठिकाणी अडवला आणि 'फा-ई' म्हणून बसलो. 'फा-ई' म्हणजे केळे. क्षणभर सारे गप्प. मग खांबाआडून एक पोर किंचाळले, "फा-ई! फा-ई!" आणि दहाबारा पोरे हसून लोळू लागली. आजीनेही पदर तोंडाला लावावा तसा हात लावला.

माझे कान तापले. पण त्यातली एक लहानशी मुलगी पुढे आली, माझ्यासमोर बसली आणि आपला गळा बोटाने दाखवत तिने तो शब्द सावकाश म्हटला. मी म्हटला. पुन्हा म्हटला. चौथ्या खेपेला जमला, तेव्हा हसणाऱ्या त्याच पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांत मला दुसरेच हसू ऐकू आले. नोकरीची सुरुवातीची वर्षे. वर्गात एक मुलगा धडा वाचत होता. त्याने 'पाणी'ला 'पानी' म्हटले. मी त्याला उभे करून दहा वेळा 'पाणी' म्हणायला लावले. दहाही वेळा 'पानी'च आले आणि दर खेपेला वर्ग हसला. मीही हसलो. त्यानंतर त्याने वर्गात तोंड उघडले नाही. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. कारण घरचे असेल. मी कधी विचारले नाही. आणि खरे सांगायचे तर माझी आईही जन्मभर 'पानी'च म्हणाली. मी माझ्या जिभेवरून ते शाळेत असताना खरवडून काढले होते, आणि ती शाळेत येई तेव्हा तिने कोणाशी बोलू नये असे मला वाटे.

तिथे असताना आणखी एक गोष्ट कळली. सामोअन माणसे दोन तऱ्हांनी बोलतात. प्रार्थनेत, शाळेत, रेडिओवर, परक्यांशी एक तऱ्हा. घरात, बाजारात दुसरी. घरच्या बोलीत 'त'चा 'क' होतो आणि 'न'चा 'ङ'. पहिलीला ते चांगले बोलणे म्हणतात, दुसरीला वाईट बोलणे. आणि हे वाईट बोलणे एकमेकांशी सारेच बोलतात! आजी नातवंडांना रागावे ती 'क'मध्ये, कुरवाळी तीही 'क'मध्ये. माझ्याशी मात्र तीन दिवस शुद्ध 'त'.

निघताना मी बहिणीने दिलेली शाल तिच्या खांद्यावर घातली, वाकून नमस्कार केला आणि घोकून ठेवलेले 'फा-आफेताय' म्हटले. पुढचे म्हणायचे होते ते आईचे होते. त्याला वहीत शब्द नव्हता. आजीने माझे दोन्ही हात धरले. मग केळ्यांचा एक भला मोठा फणा माझ्यापुढे सरकवून, डोळे मिचकावत ती म्हणाली, "फा-आफेकाय."

'त' नव्हे, 'क'. मी तिच्यासारखेच म्हणून पाहिले. बोट सुटेपर्यंत ती पोरे धक्क्यावरून "फा-ई!" ओरडत होती.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात एका मुलीने वाचताना 'पानी' म्हटले. वर्गाने माझ्याकडे पाहिले. हसायला सगळे तयार होते. मी म्हटले, "पुढे वाच." 'ण' तिला येईल. पुस्तक आहे, मी आहे, घाई नाही. तिने धडा शेवटपर्यंत वाचला.

त्या मुलाचा धडा मात्र अर्धाच ऐकायचा राहिला आहे.