वाळू तापलीया, साहेब

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी क्वालिटीचं काम बघायचो. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्स हाउसिंगला ब्लो होल यायला लागले आणि रोजची मीटिंग त्या एकाच विषयावर अडकली. होल वरून दिसत नव्हते. कास्टिंग आमच्याकडून पास होऊन जायचं, गिऱ्हाइकाच्या मशीनवर चढलं की भोक उघडं पडायचं आणि मोबाईलवर फोटो येऊन आदळायचे.

आकडे आमच्याकडं भरपूर होते. वाळूतली ओल ३.५ टक्क्यांच्या आसपास, कॉम्पॅक्टिबिलिटी मर्यादेत, ओतायचं तापमान ठीक. मग नेहमीची वाट धरली. वाळू बांधणारी बेंटोनाइट माती देणाऱ्याला पत्र गेलं, कोअरचे, म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी राखायला साच्यात बसवायच्या गाभ्याचे, व्हेंट वाढवले, कोअर शॉपला झाडलं. फरक काही पडला नाही.

हा पार्ट ज्या मशीनवर व्हायचा तिथं एक जुने मोल्डर होते. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही. मीटिंगला मोल्डरला बोलवायची पद्धत नव्हती. सुपरवायझर यायचा आणि शिफ्टचं टनेज सांगून जायचा. मी मशीनपाशी गेलो. ‘होल का येतात?’ असं विचारलं की ‘आमाला काय कळतंय, साहेब’ हे उत्तर ठरलेलं असतं, कारण ‘का’ म्हटलं की माणसाला आळ आल्यासारखं वाटतं. म्हणून विचारलं, “मामा, काम चांगलं कधी निघतं?”

त्यांनी हॉपरमधली वाळू मुठीत घेतली, दाबली आणि मूठ उघडली. गोळ्याच्या कडा झडल्या.

“सकाळी असं हुत न्हाई. जेवणानंतर वाळू तापून येतीया. पॅटर्नला चिकटती. आनि ह्यो कोअर बघा, घाम फुटलाय त्याला.”

कोअरला बोट लावलं तर खरंच ओलसर लागलं.

फाउंड्रीतली वाळू फिरती असते. साच्यात गरम धातू ओतायचा, कास्टिंग काढायचं, तीच वाळू मिक्सरमध्ये पुन्हा मळायची. जड कामं लागोपाठ लागली की वाळूला निवायला वेळच मिळत नाही. ती ५० अंशांच्या वर गेली की ओल वाफ होऊन निघते आणि गार कोअरवर जाऊन बसते. त्यावर धातू पडला की त्या पाण्याचा वायू होतो, आणि बाहेर पडायला वाट सापडली नाही की आत पोकळी राहते. लॅबचा नमुना घेतला जायचा मिक्सरपाशी, तोही बहुतेक सकाळी. वाळूचं तापमान लिहायला रजिस्टरात रकानाच नव्हता.

तरी मामा म्हणाले म्हणून लगेच मान डोलावली नाही. शेजारच्या मशीनवरचा मोल्डर तितक्याच ठामपणे सांगत होता, की वाळूत मिसळायची कोळशाची नवी पूड खराब आहे. दोन्ही तपासलं. तापमानाची गन आणून दर तासाला वाळू मोजली आणि साच्यात तासाची खूण ठेवली. कास्टिंग मशिनिंगला गेलं, तेव्हा होलवाले तुकडे बहुतेक दुपारच्या खुणेचे निघाले. पूड बदलूनही पाहिली. तिचा काही संबंध नव्हता. वर्षानुवर्षांच्या हातालाही चूक होते, जशी इंजिनिअरच्या रजिस्टराला होते.

इथवर सोपं होतं. खरं घोडं अडलं ते पुढं. हे हाउसिंग सकाळी घ्यायचं, जड कामं लागोपाठ लावायची नाहीत, हे प्लॅनिंगनं कुरकुरत का होईना, मानलं. पण वाळू ५० च्या वर गेली तर मोल्डरनं मशीन थांबवायचं, असं मी कंट्रोल प्लॅनमध्ये लिहिलं, तेव्हा वरून प्रश्न आला, “आता मोल्डर लाइन थांबवणार?” आणि मामांचा प्रश्न याहून अवघड होता.

“थांबवतो की. पर पेट्या कमी पडल्या तर इन्सेन्टिव्ह तुमी देनार?”

त्यांना हे सगळं आधीपासून ठाऊक होतं, तरी ते गप्प होते, त्याचं कारण या एका वाक्यात आलं. बोलणाऱ्याच्याच खिशाला चाट बसणार असेल तर कोण बोलेल? बऱ्याच वादावादीनंतर वाळूमुळं थांबलेला वेळ कामात धरायचं ठरलं. त्यानंतर त्या पार्टचं रिजेक्शन निम्म्याच्या खाली आलं.

कामगाराला बोलतं करायची कल्पना नवी नाही. कामगारांनीच एकत्र बसून दोष सोडवायची क्वालिटी सर्कल जपानमध्ये १९६२ साली सुरू झाली, आपल्याकडं १९८० मध्ये हैदराबादच्या भेलमध्ये. आमच्याही भिंतीवर त्याचा फलक होता. पण बहुतेक ठिकाणी सर्कल म्हणजे वर्षातून एकदा स्पर्धेला न्यायचं प्रेझेंटेशन होऊन बसलंय. पीएफएमईए, म्हणजे कामात कुठं काय आणि का बिघडू शकतं याचा तक्ता, ऑफिसात, मागच्या पार्टची फाईल कॉपी करून तयार होतो आणि कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ लिहिलं की जेवायला उठता येतं.

तुम्ही क्वालिटीत असाल तर पुढचा पीएफएमईए लिहिताना एक खुर्ची मोल्डरला द्या. आणि त्या तासाचा त्याचा इन्सेन्टिव्ह कापू नका.