नाव खाली है!

१७९४ साली मोरोपंतांनी जिथे देह ठेवला त्या बारामतीचा मी. त्यातून मराठीचा प्राध्यापक! शब्दांची भीती मला कशी वाटावी? पण २०१४ साली काशीत वर्षभर राहण्याचा योग आला. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर उभा होतो. नावाड्याचा आठ-नऊ वर्षांचा पोर म्हणाला, "बाबूजी, नाव खाली है."

खाली आहे हे मला दिसतच होते! "तो ऊपर लाओ," मी म्हणालो.

घाटावरची पोरे हसून हसून लोळली. 'खाली' म्हणजे रिकामी, हे त्यांनीच मला शिकवले, आणि त्या दिवसापासून मी दिसलो रे दिसलो की "चाचा, ऊपर लाओ!" असा पुकारा होई. त्या परमुलखात मला हाक मारणारे तेवढेच.

गेल्या हिवाळ्यात मुलीला घेऊन इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहायला गेलो. काठावर कुणा बिहारी मजुराचा मुलगा धावत आला. "साहेब, नाव खाली आहे."

मुलगी फिस्सकन हसली. "खाली नाही तर काय झाडावर असणार?"

पोर गोरामोरा झाला. मी हसलो नाही. पण बोललोही नाही. तो पाठ फिरवून चालू लागला तेव्हा हाक मारावीशी वाटली. पण त्याचे नाव कुठे विचारले होते?