खरा असूनही न पटलेला हिशेब

2003 साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना मुदतीआधी घरी पाठवलं, तेव्हा वीजसंकट आपण ओढवलेलं नाही हा त्यांचा बचाव खोटा नव्हता. वीजबाजार खुला करणारा 1996 चा कायदा आधीचे गव्हर्नर पीट विल्सन यांच्या कारकिर्दीतला. विजेचे भाव चढवणाऱ्यांत एन्रॉन कंपनी होती, दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे आपल्या चांगल्याच परिचयाची. तरी 55 टक्के मतं विरोधात गेली. अंधारात बसलेल्याला कायद्याची जन्मतारीख काय करायची? त्यात गाड्यांचा कर तिप्पट झालेला. वीजसंकटात आपण संथ राहिलो हे डेव्हिसनी स्वतःच कबूल केलं होतं, मग हा न्यायच नव्हे का, असं कोणी म्हणेल. पण ते संकट ठाऊक असूनच नोव्हेंबर 2002 मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडलं होतं! मला खोट दिसते ती मतपत्रिकेत. ‘काढायचं का?’ हा पहिला प्रश्न गव्हर्नरची तुलना कोणाशीच करत नाही. पर्याय येतो दुसऱ्या प्रश्नात, आणि तिथे तर 135 उमेदवार होते. 2021 मध्ये अशाच मतदानात गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी कारभाराच्या समर्थनापेक्षा पर्यायी उमेदवार लॅरी एल्डर यांची भीती पुढे केली आणि सुमारे 62 टक्के मतांनी ते टिकले. राज्य तोवर त्यांच्या डेमोक्रॅट पक्षाकडे अधिक झुकलं होतं, हे खरंच. पण तेवढ्यावर न्यूसमही विसंबले नाहीत.