दंडघेर

ब्लाऊजचं माप देताना बायका छातीचा आणि कंबरेचा आकडा सहज ऐकून घेतात. टेप दंडाभोवती फिरली की मात्र त्या आवाज खाली आणतात. "किती झालं गं?" असं हळूच विचारतात. बावीस वर्षं ब्राह्मणपुरीत शिवणकाम करतेय, त्यामुळे हे मला पाठ आहे. माझ्या स्वतःच्या मापापुढे वहीत कधीकाळी १८ इंच लिहिलेलं होतं.

तेव्हा माझं वजन १०४ किलो होतं. शुगर निघाली आणि शहाद्याच्या डॉक्टरांनी समोर बसवून नीट समजावलं. मग पहाटे शिवाररस्त्याने चालायला लागले. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पपई आणि मध्ये मी. भाकरी मोजून, गोड बंद. अडीच वर्षांत ६७ किलोवर आले. पण कातडी काही वजनाबरोबर आटली नाही. दंडघेर १६ वरच अडून बसला आणि त्यातलं निम्मं नुसतं लोंबत होतं. मशीन चालवताना ते हलायचं. उन्हाळ्यात बगलेपासून कोपरापर्यंत घामाने चिघळायचं, पावडर लावून लावून त्याचा चिखल व्हायचा. व्यायामाने स्नायू घट्ट होतात, ताणून सैल झालेली कातडी परत आखडत नाही, हे मला एका मलमाच्या पाच आणि दुसऱ्याच्या तीन ट्यूब संपवल्यावर कळलं.

लेक नाशिकला शिकते. तिने 'आर्म लिफ्ट' हा शब्द सांगितला. डॉक्टर त्याला ब्रॅकिओप्लास्टी म्हणतात. दंडाच्या आतल्या बाजूने जादा कातडी आणि चरबी कापून शिवायची. ऐकलं आणि मनात आलं, हे तर माझंच काम.

पैशाचं पुढे आलं. आम्ही माय-लेकींनी वही घेऊन फोन लावायला सुरुवात केली. मुंबईत २ लाख ४० हजार सांगितले, पुण्यात १ लाख ६५ हजार, नाशकात १ लाख २० हजार, सुरतेत १ लाख १० हजार आणि इंदूरला ९५ हजार. आकडे वाचून मी इंदूरवर बोट ठेवलं होतं. आमच्याकडून खेतियावरून मध्य प्रदेशात शिरलं की सेंधव्याहून सरळ रस्ता आहे.

पण फोनवरच्या रकमेत काय काय धरलंय, हे विचारायला लागलो तशी ती रक्कम उसवत गेली. एका ठिकाणी भूलतज्ज्ञाची फी वेगळी होती. दुसरीकडे रात्रीचा मुक्काम वेगळा, रक्ततपासण्या वेगळ्या, घट्ट बसणारा प्रेशर गारमेंट वेगळा. आणि कर जवळजवळ सगळीकडे वेगळा. आजारावरच्या उपचाराला जीएसटी नाही, पण २०१७ पासून सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के आहे. जन्मजात व्यंग, अपघात किंवा इजा यांमुळे बिघडलेला अवयव दुरुस्त करायचा असेल तर तो लागत नाही. सुरतेच्या १ लाख १० हजारांवर १९,८०० चढले, म्हणजे १ लाख २९ हजार ८००. एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकने तर "आज बुक केलं तरच हा भाव" म्हणून दिवसातून चार फोन केले. कापडाच्या सेलमध्ये असं बोलतात. तो नंबर मी काढून टाकला.

शेवटी सुरत ठरलं, आणि ते ठरलं माझ्या धाकट्या बहिणीमुळे. ती उधन्याला राहते. खानदेशातली कितीतरी घरं पोटासाठी उधना-लिंबायतला जाऊन वसली आहेत. नंदुरबारहून गाडीत बसलं की उधन्याला उतरायचं. ऑपरेशननंतर किमान चार वेळा दाखवायला जावं लागतं. इंदूरला प्रत्येक वेळी गाडी आणि लॉज करायचा, तर वाचलेले पैसे तिथेच संपले असते, आणि केस विंचरून द्यायला कोण होतं तिथे? शहर स्वस्त की महाग, ते आपलं माणूस तिथे आहे की नाही यावर बरंच ठरतं.

आता पैसे आणायचे कुठून? आमचा घरचा आरोग्यविमा आहे. कंपनीने नकार दिला. विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी जे ठरावीक अपवाद लिहून दिलेत, त्यात आठवा कॉस्मेटिक शस्त्रक्रियेचा आहे. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची दुरुस्ती चालते. नाहीतर तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका आहे असं डॉक्टरने लिहून द्यावं लागतं. मी सर्जनना माझं चिघळणं दाखवलं. ते म्हणाले, "ताई, त्रास खरा आहे. पण तातडीचा धोका म्हणून मी सही करू शकत नाही, तो नाहीये." दीड लाखाचा प्रश्न होता, तरी त्या माणसावर माझा विश्वास तिथेच बसला. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तिथल्या आरोग्यमित्रालाही विचारलं. त्याने यादी दाखवली. त्यात हे नाही. मला ते योग्यच वाटलं. त्या बाकावर माझ्या शेजारी हात भाजलेला पोरगा बसला होता.

दवाखान्याच्या काउंटरवर 'बिनव्याजी हप्ते' होते. बारा महिने, महिना १०,८१७. किती सोपं वाटतं! मी विचारलं, रोख दिले तर? तर ७,००० सूट, त्यावरचा करही वाचतो, म्हणजे ८,२६० कमी. हप्त्यांना वर प्रक्रिया शुल्क ३,००० आणि त्यावर कर ५४०. म्हणजे बिनव्याजी घेणाऱ्याला ११,८०० जास्त मोजावे लागतात. भाच्याने हिशोब मांडला, वर्षाला जवळजवळ १८ टक्के. ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने सगळे खर्च धरून खरा वार्षिक दर एका कागदावर द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो कागद मी मागून घेतला. त्यात शुल्क धरलेलं होतं, पण हुकलेली सूट नव्हती, कारण ती कर्जाचा भागच नाही. हप्ते घेणारीने हा एक प्रश्न विचारावाच: रोख भाव काय?

घरचे म्हणाले, "किसान क्रेडिट कार्डातून काढू." मी नाही म्हटलं. ते पिकाचे पैसे. ऊस कारखान्यात जाईपर्यंत त्यांच्यावर घर चालतं, आणि माझ्या दंडासाठी घरातला कोणी खताला थांबलेला मला चालणार नव्हता. मी माझी भिशी उचलली. आम्ही बारा जणी महिना ५,००० टाकतो, त्याचे ६० हजार आले. शिलाईतून साठवलेले ३५ हजार होते. पाटल्या बँकेत ठेवून ५० हजार घेतले, साडेनऊ टक्क्यांनी. पाटल्यांच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत मिळत होते, मी लागले तेवढेच घेतले. एकूण १ लाख ४५ हजार. रोख बिल १ लाख २१ हजार ५४०. उरलेल्यात तपासण्या, औषधं, दोन गारमेंट आणि जाणं-येणं.

तारीख पौषातली धरली. पौषात लग्नं नाहीत, म्हणून शिलाईचा मोसम बुडत नाही, आणि थंडीत तो घट्ट गारमेंट सोसवतो. खानदेशच्या मे महिन्यात सहा आठवडे तो घालणं म्हणजे शिक्षाच. जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. त्याआधी सर्जन प्लास्टिक सर्जरीत एमसीएच आहेत ना आणि भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ थांबणार ना, हे लेकीने तपासून घेतलं. तीन महिन्यांची शुगर आटोक्यात आणा, वर्षभर वजन स्थिर हवं, हे त्यांनीच आधी सांगितलं होतं.

सकाळी त्यांनी मला उभं करून, हात आडवे धरायला लावून मार्करने आखलं. मी खडूने कापड आखते तसंच. बगलेजवळ रेघ सरळ न नेता त्यांनी ती वळवली. मी विचारलं, का? म्हणाले, सरळ व्रण आखडला तर हात वर जाणार नाही. मुंढा काचू नये म्हणून बगलेत कळी घालतात, ती मी हजारदा घातली आहे. मग विचारलं, थोडी जास्त कातडी नाही का घेता येणार? ते म्हणाले, जास्त घेतली तर शिवणीवर ताण येऊन व्रण रुंद होतो. यावर मी काय बोलणार? कापड तंग झालं की शिवण हसते, हे मी दर आठवड्याला एखादीला सांगते.

अडीच तास लागले. दोन्ही हातांना नळ्या, उशांवर ठेवलेले हात, एक रात्र दवाखान्यात. संक्रांतीला सुरतेच्या गच्च्यांवर पतंगांचा गलका होता आणि मी पाटावर बसून बहिणीकडून वेणी घालून घेत होते. मी सातवीत असताना तिची वेणी घालायचे. ती गप्प होती, मीही. तिसऱ्या आठवड्यात उजव्या बगलेतली शिवण जराशी उघडली. असं होतं, असं आधीच सांगितलं होतं. दोन जादा फेऱ्या आणि ड्रेसिंग मिळून ३,२०० गेले. सहा आठवड्यांची शिलाई मी गावातल्याच एकीला दिली होती. ते माझे साधारण १८ हजार कोणत्याच दवाखान्याच्या अंदाजपत्रकात लिहिलेले नव्हते.

व्रण अजून गुलाबी आहे, बगलेपासून कोपरापर्यंत. दंडघेर साडेबारा. गावातली एक म्हातारी मावशी येऊन बघून गेली. "कितला पैसा लागनात वं माय?" मी वही उघडून सगळं वाचून दाखवलं, भिशीच्या राहिलेल्या हप्त्यांसकट. लपवण्यासारखं त्यात मला काही वाटत नाही. घाम आला तरी आता दंड चिघळत नाही, आणि मशीनवर बसले की माझं लक्ष टाक्यावर असतं.

ऑपरेशननंतरच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावची एक आई मुलीला घेऊन आली. लग्नाचे ब्लाऊज. "बाह्या कोपराखाली घ्या," आई म्हणाली. मुंढ्याचं माप घ्यायला हात वर कर म्हटलं, तर मुलीचा हात खांद्यापर्यंतही येईना. लहानपणी भाजली होती, बगल चिकटून आखडली होती. आईने माझ्याबद्दल ऐकलं होतं. "तुमच्यासारखं करायचं तर दीड लाख कुठून आणू?" मी म्हटलं, हिचं माझ्यासारखं नाही. हिला १८ टक्के कर नाही, विमा असेल तर त्यातला कॉस्मेटिकचा अपवाद आडवा येत नाही, आणि भाजल्यानंतरच्या आखडलेल्या अवयवाची शस्त्रक्रिया फुले योजनेच्या यादीत आहे. शिधापत्रिका आणि आधार घेऊन सोमवारी या, मी बरोबर येते.

आरोग्यमित्राने या वेळी यादीतल्या ओळीवर बोट ठेवलं. कागद पुढे गेले आहेत. ब्लाऊजचे बाकीचे सगळे आकडे लिहून झालेत, मुंढ्याचा रकाना मी मोकळा ठेवला आहे.