पाण्याची पट्टी

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर कांचेची एक जाड नळी उभी आहे. घरीं येणारे स्नेही तिला शोभेची वस्तु समजतात. तींत फुलें कां ठेवीत नाहीं, असेंही कोणी विचारतात. मी हंसून वेळ मारून नेतों. ती माझ्या एका अन्यायाची साक्षीदार आहे, हें कुणाकुणाला सांगावें?

तरुणपणीं मी एका रासायनिक कारखान्यांत इंजिनीयर होतों. तेथें मिठाचें संपृक्त पाणी टाकींत सोडीत, आणि प्रवाह मोजण्यासाठीं वाटेंत ही नळी, म्हणजे रोटामीटर, बसविलेली होती. नळी खालीं अरुंद, वर रुंद. आंत भोंवऱ्यासारखा पोलादी फ्लोट. प्रवाह वाढला कीं तो वर चढे, आणि समोरचा आंकडा वाचला कीं काम झालें! आंकडा मिनिटाला १०० लिटर दाखवी. तासाला ६,००० लिटर यावयास हवे होते. टाकींत भरत ५,४००.

रात्रपाळीचे ऑपरेटर वयस्कर होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असूं. मध्येंच व्हॉल्व्ह बंद करून ते झोपतात आणि वहींत खोटी नोंद करतात, असा मीं तर्क केला व त्यांच्या हातीं लेखी ताकीद ठेवली.

"मामा, यंत्र खोटें बोलत नाहीं," मी म्हणालों.

"नसेल साहेब. पण एकदां पिंप लावून मोजा कीं!"

त्यांच्या समाधानासाठीं मीं पिंपावर २०० लिटरची खूण केली व हातांत स्टॉपवॉच घेतलें. दोन मिनिटांत भरावयाचें पिंप भरावयास दोन मिनिटें तेरा सेकंद लागले. तीनदां मोजलें, तीनदां तेंच.

मग मीं नळीवरची बारीक अक्षरें वाचलीं. पट्टी पाण्यासाठीं आखलेली होती! पाण्याची घनता १, आमच्या द्रवाची १.२, फ्लोटची ८. जड द्रव फ्लोटला अधिक उचलून धरतो, त्याचा रेटाही मोठा. म्हणून थोड्या प्रवाहांतही फ्लोट त्याच खुणेपर्यंत चढतो. ६.८ ला १.२ नें भागलें, आलेल्या संख्येला पुन्हां ७ नें भागलें आणि वर्गमूळ काढलें. उत्तर आलें ०.९०. १०० च्या खुणेपाशीं प्रत्यक्षांत ९० लिटरच वाहत होते. यंत्र खरेंच बोलत होतें; पण पाण्याविषयीं.

मीं ताकीद फाडली, नळीशेजारीं नवी पट्टी चिकटविली आणि मामांची क्षमा मागितली. ते एवढेंच म्हणाले, "चालायचंच, साहेब. पण त्या रात्रीं घरीं जेवण गेलं नाहीं."

पुढें ती नळी बदलली, तेव्हां जुनी मीं मागून घेतली. मुलाचें प्रगतिपुस्तक पाहतांना किंवा मोलकरणीला उशीर झाला म्हणजे माझा निकाल अजूनही ओठांवर तयार असतो. तेवढ्यांत नजर टेबलाकडे जाते. आणि मी निकाल गिळून पिंप शोधूं लागतों.